लाइन कुठे तुटली?

मे महिन्याच्या सुट्टीत एका सकाळी आबांचा फोन आला. "तुझं ते जोडायचं सॉफ्टवेअर बंद पडलंय. लवकर बघ, अर्जंट आहे."

आबा म्हणजे माझे आजोबा. ते आणि आजी सातारा जिल्ह्यात गावी राहतात. बाबांच्या पोस्टिंगमुळे आमचे घर जोधपूरला आहे आणि मी वर्षाचे नऊ-दहा महिने इथे, हॉस्टेलमध्ये. आबा सिग्नल्समधून निवृत्त झाले. आता गावातल्या माजी सैनिकांचे आणि त्यांच्या विधवांचे पेन्शनचे अर्ज ते आपल्या कॉम्प्युटरवर भरून देतात. कॉम्प्युटर अडला की मला फोन येतो. पूर्वी मी फोनवरूनच सांगायचो, "आबा, डाव्या कोपऱ्यात खाली बघा." ते म्हणायचे, "खाली काही नाही." असा अर्धा तास जायचा. म्हणून गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मी त्यांच्या कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉपचे सॉफ्टवेअर टाकले आणि एका कागदावर तीन ओळी लिहून तो मॉनिटरला चिकटवला: "१. लाल चिन्ह उघडा. २. नऊ आकडी नंबर सांगा. ३. अॅक्सेप्ट दाबा." त्या कागदाकडे नंतर पुन्हा यायचे आहे.

रिमोट डेस्कटॉप म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. दूरच्या कॉम्प्युटरच्या पडद्याचे चित्र आपल्याकडे येते आणि आपला माउस आणि कीबोर्ड तिकडे चालतो. काम तिकडेच होते, फाइल तिकडेच राहते. चित्र तिकडून वर चढते, म्हणून पडदा अडखळत असेल तर आपल्याकडच्या डाउनलोड स्पीडपेक्षा तिकडचा अपलोड स्पीड आधी तपासावा, आणि सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा कमी करून पाहावा. ही कल्पना जुनी आहे. व्हीएनसी नावाची पद्धत १९९० च्या दशकात केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झाली. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप १९९८ मध्ये विंडोज एनटीच्या एका आवृत्तीबरोबर आला.

जोडणीचे दोन प्रकार असतात आणि ती का होत नाही हे कळण्यासाठी हा फरक माहीत हवा. पहिला प्रकार थेट जोडणीचा. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप ३३८९ नंबरच्या पोर्टवर ऐकत बसतो, व्हीएनसी साधारणपणे ५९०० वर. आपण त्या कॉम्प्युटरच्या पत्त्यावर जाऊन ते दार ठोठावतो. एकाच इमारतीत, एकाच नेटवर्कवर हे छान चालते. गाव ते जोधपूर असे ते सहज चालत नाही. कारण आबांच्या कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१.७ असा आहे आणि असा पत्ता लाखो घरांत असतो. तो फक्त घरातला नंबर आहे, आपल्या हाउसमधल्या पलंगाच्या नंबरासारखा. 'पलंग नंबर सात' एवढेच लिहून टाकलेले पत्र इथे पोचणार नाही. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत, ते जगाला पुरत नाहीत, म्हणून राउटर एका बाहेरच्या पत्त्यामागे सगळे घर लपवतो. काही इंटरनेट कंपन्या तर अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटर गेटवरच्या संत्र्यासारखा वागतो. आतून बाहेर जाणाऱ्याला तो सोडतो, बाहेरून न बोलावता आलेल्याला नाही.

दुसरा प्रकार यावरचाच उपाय आहे. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप यांसारखी सॉफ्टवेअर दोन्ही कॉम्प्युटरना बाहेर, कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतात. दोघेही आतून बाहेर गेलेले असल्यामुळे संत्री अडवत नाही. सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. मी आबांकडे याच प्रकारचे एक सॉफ्टवेअर टाकले होते. (त्याआधी दिवाळीचे दोन दिवस मी विंडोजचाच रिमोट डेस्कटॉप चालू करायला घालवले. नंतर कळले की विंडोजच्या होम आवृत्तीवरून दुसरीकडे जोडता येते, पण होम आवृत्ती स्वतः कोणाला आत घेत नाही. त्यासाठी प्रो लागते. तुमच्याकडे हे होत नसेल तर आधी आवृत्ती बघा आणि माझे दोन दिवस वाचवा.)

आता त्या सकाळी काय केले ते.

आबांनी मला लहानपणी सांगितले होते की सिग्नल्समध्ये फील्ड टेलिफोनची लाइन बंद पडली की लाइन पार्टी पायी निघायची. वायर कित्येक किलोमीटर लांब असली तरी तिचा प्रत्येक फूट तपासत बसायचे नाही. मध्यावर जायचे, तिथे टेलिफोन जोडायचा आणि दोन्ही बाजूंना रिंग द्यायची. ज्या बाजूने उत्तर येत नाही, फॉल्ट त्या बाजूला. मग त्या अर्ध्याचा मध्य. मी त्यांना म्हणालो, "आबा, आज तुमच्याच पद्धतीने शोधू." ते म्हणाले, "शोध. पण संध्याकाळच्या आत पाहिजे." घाई कशाची, हे मी विचारले नाही.

इथे लाइनचा मध्य म्हणजे कंपनीचा सर्व्हर. माझ्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअरच्या खिडकीत हिरवा ठिपका होता, म्हणजे मी सर्व्हरपर्यंत पोचत होतो. आबांना विचारले, "तुमच्याकडे ठिपका कोणता?" "लाल." एका प्रश्नात अर्धी लाइन मोकळी झाली. फॉल्ट आबांच्या बाजूला. बरेच जण इथेच चुकतात. आपल्याकडे 'जोडणी झाली नाही' असे दिसते म्हणून आपलेच सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकत बसतात.

आबांच्या बाजूला नेहमीची तीन कारणे असतात. कॉम्प्युटर बंद आहे, झोपला आहे किंवा इंटरनेट नाही. झोपणे हे सगळ्यात जास्त वेळा घडते. पडदा काळा होणे आणि कॉम्प्युटर झोपणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नुसता पडदा बंद असेल तर जोडणी होते, कॉम्प्युटर झोपला की होत नाही. पॉवरच्या सेटिंगमध्ये झोपेची वेळ 'कधीच नाही' अशी करता येते, ते मी दिवाळीतच केले होते. वीज गेली तर आणखी एक गंमत होते. कॉम्प्युटरला यूपीएस असतो, राउटरला नसतो. कॉम्प्युटर जागा, पण घर तुटलेले. त्या दिवशी मात्र आबा कॉम्प्युटरसमोर बसलेलेच होते आणि वीज पहाटे येऊन स्थिर झाली होती.

मग मी त्यांना काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, काही आज्ञा टाइप करायला सांगितल्या. (त्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत टाइप करायच्या असतात, इथे मी देवनागरीत लिहितो.) आधी 'आयपीकॉन्फिग'. पत्ता १९२.१६८.१.७ आला. तो १६९.२५४ ने सुरू झाला असता तर समजायचे की राउटरने पत्ताच दिलेला नाही, वायर किंवा वायफाय बघा. मग 'पिंग १९२.१६८.१.१', म्हणजे राउटरला हाक. उत्तर आले. मग 'पिंग ८.८.८.८', हा गूगलचा सर्व्हर आहे, म्हणजे गावाबाहेर हाक. उत्तर आले. मग आकड्यांऐवजी एका वेबसाइटचे नाव. तेही आले. आकड्यांना उत्तर आले असते आणि नावाला नसते, तर दोष डीएनएसमध्ये असता. नावाचा पत्ता शोधून देणारी ही इंटरनेटची डिरेक्टरी आहे.

आबा प्रत्येक वेळी "रिप्लाय आला" असे खणखणीत आवाजात सांगत होते. मला वाटते त्यांना मजा येत होती. एक सावधगिरी सांगून ठेवतो. पिंगला उत्तर आले तर लाइन नक्की चालू, पण उत्तर नाही आले तर लाइन बंदच असे नसते. पुष्कळ कॉम्प्युटर फायरवॉलमुळे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत.

म्हणजे लाइन ठीक होती आणि ठिपका तरी लालच होता. मग मी राउटर आणि इंटरनेट कंपनी दोन्ही बाजूला काढायचे ठरवले. आजीचा मोबाइल यूएसबी वायरने कॉम्प्युटरला जोडून त्याचे इंटरनेट वापरले. लाइनच बदलली. ठिपका लाल. आता दोष आबांच्या कॉम्प्युटरच्या आत होता, हे पक्के झाले. विंडोजच्या फायरवॉलच्या यादीत सॉफ्टवेअरला परवानगी होती. अँटिव्हायरसमध्ये काही अडवलेले दिसत नव्हते. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडले, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. पाऊण तास झाला होता.

शेवटी सहज म्हणालो, "आबा, ब्राउझरमध्ये एखादी वेबसाइट उघडून बघा." ती उघडली नाही. पडद्यावर संदेश आला आणि आबांनी तो वाचला, "तुमचे घड्याळ मागे आहे."

खाली उजव्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१६.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटर बंद असताना आतले घड्याळ मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर चालते. बहुतेक वेळा तो सीआर २०३२ असतो. हा सेल संपला आणि वीजही गेली की तारीख कुठल्या तरी जुन्या दिवसावर जाऊन पडते. आता याचा जोडणीशी काय संबंध? सुरक्षित जोडणी करताना समोरचा सर्व्हर आपले ओळखपत्र दाखवतो, त्याला सर्टिफिकेट म्हणतात. त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध हे लिहिलेले असते. आबांच्या कॉम्प्युटरला वाटत होते की आज २०१६ साल आहे. ज्या सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही, ते तो कसे स्वीकारणार? त्याने जोडणी नाकारली, आणि त्याच्या दृष्टीने बरोबरच केले. पिंगमध्ये सर्टिफिकेट तपासले जात नाही, म्हणून पिंग चालत होते. पिंग चालते, पण सुरक्षित असे काहीच उघडत नाही, असे दिसले की आधी तारीख बघा. मी ती सगळ्यात शेवटी पाहिली.

आबांनी तारीख दुरुस्त केली. ठिपका हिरवा झाला. मी नंबर टाकला, त्यांनी अॅक्सेप्ट दाबले आणि त्यांचा पडदा माझ्या लॅपटॉपवर दिसला. मला फार बरे वाटले. सेल बदलायला कोणाला बोलवायचे ते मी सांगत होतो, तेवढ्यात आबा म्हणाले, "शाब्बास. आता ठेव. त्या साहेबांचा फोन येईल."

"कोणते साहेब?"

"पेन्शन ऑफिसचे. सकाळी त्यांचा फोन होता. माझं व्हेरिफिकेशन राहिलंय, या महिन्याची पेन्शन थांबेल म्हणाले. ते कॉम्प्युटरवरून करून देणार आहेत. मी नंबर सांगितला, पण त्यांना जोडता येईना. म्हणाले, दुरुस्त करून घ्या, संध्याकाळी परत करतो."

मी काही सेकंद बोललोच नाही. मग विचारले, "आबा, तुम्ही नंबर का सांगितलात?"

ते म्हणाले, "तुझ्याच कागदावर लिहिलंय. नंबर सांगा. अॅक्सेप्ट दाबा."

खरेच तसे लिहिले होते. नंबर कोणाला सांगायचा, हे मी लिहिले नव्हते. सकाळी जोडणी झाली नाही ती त्या संपलेल्या सेलमुळे, आणि मी पाऊण तास खपून तीच वाट मोकळी करून दिली होती. सगळे फॉल्ट मी क्रमाने तपासले, पण 'आज कोणाला जोडायचे आहे?' हा प्रश्न माझ्या यादीतच नव्हता. तो पिंगच्या आधी यायला हवा.

बाबा घरी होते, त्यांना लगेच सांगितले. आबांनी सॉफ्टवेअर बंद केले. नंतर ते थोडा वेळ उघडून मी त्याची सेटिंग बदलली: माझा आणि बाबांचा नंबर सोडून कोणाचीही विनंती त्यांच्या पडद्यावर येणारच नाही अशी यादी केली, आणि माणूस समोर नसताना जोडणी देणारा पासवर्ड ठेवलेला नाही याची खात्री केली. अशी सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ती आपणहून चालू होत नाही. बाबांनी बँकेच्या शाखेत फोन करून आबांचे खाते तपासायला सांगितले. पैसे गेलेले नव्हते. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. तिथेही त्यांनी तो फोन नंबर कळवला. पैसे गेले असतील तर या नंबरवर जितक्या लवकर फोन कराल तितके ते अडवण्याची शक्यता जास्त.

संध्याकाळी 'साहेबां'चा फोन आला. आबांनी त्यांना नाव, हुद्दा आणि ऑफिसचा लँडलाइन नंबर विचारला आणि म्हणाले, "तुम्ही ठेवा, मी त्या नंबरवर फोन करतो." तिकडून फोन कट झाला. पुन्हा आला नाही.

या सॉफ्टवेअरचा असा वापर नवा नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क अॅपच्या नावाने चालणाऱ्या अशाच फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. यात सॉफ्टवेअर बिघडलेले नसते. ते सांगितलेले काम करते, फक्त सांगणारा भलता असतो. पालकांनी एवढे लक्षात ठेवावे की बँक किंवा पेन्शन कार्यालय कधीही तुमच्या पडद्यावर येऊन काम करून देत नाही, आणि मोबाइलवर जोडणी दिली तर येणारा ओटीपीही समोरच्याला दिसतो.

शाळा उघडल्यावर मी हे सगळे आमच्या कॉम्प्युटरच्या सरांना सांगितले. त्यांच्याकडून आणखी दोन गोष्टी शिकलो. पहिली, जोडणी होत नाही म्हणून राउटरमध्ये ३३८९ पोर्ट बाहेरच्या जगासाठी उघडून ठेवू नये. अशी उघडी दारे शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर सतत फिरत असतात. मे २०१९ मध्ये या रिमोट डेस्कटॉपमधली 'ब्लूकीप' नावाची त्रुटी जाहीर झाली, तेव्हा ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने केव्हाच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. दुसरी गोष्ट लॅबबद्दल. आपल्या लॅबमधून रिमोट सॉफ्टवेअर चालत नाही, तो फॉल्ट नाही. फायरवॉलने ते मुद्दाम अडवले आहे. मागच्या वर्षी आमच्यातल्या काहींनी त्याला बगल द्यायचा प्रयत्न केला होता. त्यांत मीही होतो.

सरांनी संदेश नीट वाचायलाही शिकवले. थेट जोडणीत 'टाइम आउट' म्हणजे कोणीच बोलले नाही: कॉम्प्युटर बंद, पत्ता चुकीचा किंवा फायरवॉल. 'नकार' म्हणजे दारापर्यंत पोचलात, पण तिथे ऐकणारा प्रोग्राम चालू नाही. 'पासवर्ड चुकीचा' ही तर चांगली बातमी, कारण सगळी लाइन ठीक आहे. विंडोजमध्ये खात्याला पासवर्डच नसेल तर त्या खात्याने रिमोट जोडणी होत नाही, हेही त्यातच येते. आणि जोडणी झाल्यावर पडदा मध्येच काळा किंवा गोठलेला दिसला तर तिकडे 'हा बदल करू द्यायचा का?' अशी परवानगीची खिडकी उघडलेली असू शकते. ती पुष्कळदा आपल्याला दिसत नाही. तिकडच्या माणसाला ती वाचून दाखवायला सांगा.

आबांच्या मॉनिटरवर आता नवा कागद आहे. त्यावर पहिली ओळ अशी: "फोन मी केला आहे का त्यांनी? त्यांनी केला असेल तर नंबर सांगायचा नाही." दुसऱ्या ओळीत तारीख तपासायची आहे. तिसरी ओळ सांकेतिक शब्दाची. जोडणीआधी आबा शब्द विचारतात आणि मी उत्तराचा शब्द सांगतो, रात्रीच्या पहाऱ्यावर विचारतात तसा. शब्द आबा ठरवतात आणि दर सुट्टीत बदलतात.

गेल्या सुट्टीत त्यांचा प्रिंटर अडला, तेव्हा मी जोडायला गेलो आणि जुनाच शब्द सांगितला. आवाज माझा आहे हे त्यांना कळत होते, आजी मागून हसत होती, पण त्यांनी अॅक्सेप्ट दाबले नाही. प्रिंटर आम्ही फोनवरूनच दुरुस्त केला. "डाव्या कोपऱ्यात खाली बघा आबा." "खाली काही नाही." अर्धा तास लागला.